सुलोचना… पण दीदी नव्हे! (मूकपटांच्या राणीबद्दल)

जुनाबाजारकर:
मागच्या रविवारी जुन्या बाजारात एकाकडे पोस्टकार्डांचा गठ्ठा दिसला. देवादिकांची चित्रं, पंचम जॉर्ज, दोनचार नट्या. एकावर छापलेलं मिस सुलोचना. आखूड कापलेले केस, गळ्यात मोत्यांचा सर, आणि बघणं असं की फोटो काढणाराच जरा बावरला असावा. विकणारा म्हणाला घ्या साहेब, सुलोचनादीदी आहेत तरुणपणीच्या, चाळीस रुपये. मी काही बोललो नाही, चाळीस दिले आणि कार्ड खिशात टाकलं. (हो, सांगायला हवं होतं, कळतंय. पण जुन्या बाजारात आपण शहाणपणा दाखवला की भाव वाढतो.)

तर ही दीदी नव्हे. आपल्या दीदी म्हणजे सुलोचना लाटकर, पडद्यावरची आई, त्या आल्या १९४० नंतर. लावणीवाल्या सुलोचना चव्हाण आणखी वेगळ्या. ही पहिली सुलोचना, खरं नाव रूबी मायर्स, जन्म १९०७, आणि जन्मगाव पुणे! कॅम्पात कितीतरी वर्षं काढली मी, कोणाच्या तोंडून हे नाव ऐकलेलं नाही.

घरची बगदादी ज्यू. मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमासाठी विचारलं तर तिने चक्क नाही म्हणून सांगितलं, कारण तेव्हा सिनेमात काम करणं म्हणजे काय समजलं जायचं ते वेगळं सांगायला नको. भवनानी मागे लागले, लागले, शेवटी ती हो म्हणाली. अभिनय म्हणजे काय याचा गंध नव्हता. १९२५ ला 'वीर बाला' आला आणि दोन वर्षांत बाई देशातली सगळ्यात मोठी स्टार. नाव बदललं सुलोचना, कारण रूबी मायर्सला सीता-सावित्रीच्या देशात तिकीट कोण काढणार.

नुसती नावं बघा तिच्या सिनेमांची. 'सिनेमा क्वीन', 'टायपिस्ट गर्ल', 'टेलिफोन गर्ल', 'इंदिरा बी.ए.'. सगळ्या कमावत्या, शिकलेल्या, शहरातल्या बायका! जेव्हा आपल्याकडे पौराणिक सिनेमांचा पूर आलेला होता तेव्हा ही बाई पडद्यावर टाइपरायटर बडवत होती आणि लोक पैसे देऊन बघत होते. 'टायपिस्ट गर्ल' तर चंदूलाल शहांनी १७ दिवसांत उरकला म्हणे आणि तुफान चालला. त्यात गोहर ही नटीपण होती. आणि १९२७ चा 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे', ह्यात हिच्या एकटीच्या आठ भूमिका. माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचं पोरगं, गोरी मड्डम... आठ! आपण 'नया दिन नयी रात' मधल्या संजीवकुमारच्या नऊ भूमिकांचं कौतुक करतो, ते करायलाच हवं, पण हिने हे जवळजवळ पन्नास वर्षं आधी केलंय आणि तेही आवाज बदलायची सोय नसताना. नुसत्या चालीवर आणि चेहऱ्यावर.

आता धागा काढायचं खरं कारण. कुठेही तिच्याबद्दल वाचायला घ्या, तेच एक रडगाणं. बोलपट आले, बाईला हिंदी येईना, करिअर संपलं, बिचारी. मला हे पटत नाही. हिशोब लागत नाही. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा, आणि तिचा सगळ्यात जास्त पगार, महिना पाच हजार, तो नंतरचा! म्हणजे संपलेल्या बाईला कोणी पाच हजार देतं का? कोणाला अजून माहिती असेल तर लिहा.

चहाबिस्कीट:
मस्त धागा, वाचनखूण साठवली. मी आत्तापर्यंत दीदीच समजत होते, 'अनारकली' च्या टायटल्समधे सुलोचना नाव वाचलेलं आणि वाटलं होतं वा काय तरुण दिसायच्या दीदी :)

आगाऊ_कार्टं:
चाळीस रुपयात ऐतिहासिक ठेवा आणि वर विकणाऱ्याला फसवलं. टिपिकल पुणेकर.

जुनाबाजारकर:
फसवलं कुठे, तो चाळीस म्हणाला मी चाळीस दिले. घासाघीसपण केली नाही. हा पुणेरी इतिहासातला पहिलाच प्रसंग असेल.

लालदेऊळ:
एक दुरुस्ती, लेखात नाही पण लोकांच्या डोक्यात असते म्हणून. आपल्याकडे ज्यू म्हटलं की सगळ्यांना बेने इस्रायली आठवतात, कोकणातले शनवार तेली, घरात मराठी बोलणारे, नावामागे पेणकर, रोहेकर लावणारे. बगदादी वेगळे. ते इराक वगैरे भागातून व्यापाराला आले, आधी अरबी बोलायचे मग एकदोन पिढ्यांत थेट इंग्रजीवर गेले. ससून हे त्यातलं सगळ्यात मोठं घराणं, ज्यांच्या नावाचं हॉस्पिटल आहे तेच. कॅम्पातलं लाल देऊळ डेव्हिड ससूनने बांधायला घेतलं १८६३ मधे. रिक्षावाल्याला सिनेगॉग सांगितलं तर तो तुमच्याकडे बघत बसेल, लाल देऊळ म्हणा, सोडतो.

हे सांगायचं कारण, रूबी बेने इस्रायली असती तर मराठी मातृभाषा असती आणि हिंदी शिकायला तिला फार तर चार महिने लागले असते. बगदादी घरात इंग्रजी. म्हणून भाषेची अडचण खरी होती, ती अगदीच दंतकथा नाही. आणि जुन्या लिखाणात तिला सरसकट 'युरेशियन' म्हणतात ते चूक, गोरा रंग आणि इंग्रजी नाव दिसलं की सगळ्यांना एका पोत्यात घालायची पद्धत होती.

मीरा_ताई:
खूप छान माहिती. मला नेहमी प्रश्न पडतो की सुरुवातीच्या काळात या नट्या एकतर ज्यू नाहीतर अँग्लो इंडियन का? सीता देवी पण खरी रेनी स्मिथ. नंतर प्रमिला म्हणजे एस्थर अब्राहम, नादिरा म्हणजे फ्लोरेन्स एझिकेल. आपल्या बायका नव्हत्याच का?

रीळवाला:
मीराताई, होत्या की, आणि सगळ्यात आधी त्याच होत्या! दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, नंतरच्या कमलाबाई गोखले. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' मधे आई पार्वती आणि लेक मोहिनी. म्हणजे भारतीय पडद्यावरच्या पहिल्या दोन स्त्रिया मराठी, आणि मायलेकी. कमलाबाईंचा मुलगा चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले, म्हणजे त्या घराने पडदा सोडलाच नाही नंतर.

पण त्याच्या आधीची गंमत बघा. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' साठी फाळक्यांनी बाई मिळवायला काय काय केलं, वेश्यावस्तीतसुद्धा विचारून आले, तिथेही नकार. शेवटी एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके सापडला, हात नाजूक होते म्हणे, त्यालाच तारामती केला. आणि पुढे १९१७ च्या 'लंका दहन' मधे त्याच साळुंक्याने राम पण केला आणि सीता पण. स्वतःच स्वतःला सोडवून आणलं असणार.

म्हणजे १९१३ ला वेश्यासुद्धा नाही म्हणतात आणि १९२५ ला एक टेलिफोन ऑपरेटर नाही म्हणते पण नंतर हो म्हणते, मधे १२ वर्षं. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी १९२० च्या 'सैरंध्री' मधे बायका घेतल्या, गुलाबबाई आणि अनसूयाबाई, तर समाजाने काय वागवलं असेल त्यांना विचार करा. ज्यू किंवा अँग्लो इंडियन मुली आधीच नोकऱ्या करत होत्या, टेलिफोन, दुकानं, नर्सिंग, ऑफिसं. परक्या पुरुषांबरोबर एका खोलीत काम करायची सवय होती, आणि आपल्या समाजाने वाळीत टाकायचा प्रश्न त्यांना तितका नव्हता कारण त्या मुळात आपल्या पंगतीतच नव्हत्या. आणि मूकपट होता! भाषेची गरजच नाही. पडद्यावर पाट्या यायच्या दोनतीन भाषांत, ज्याला वाचता येतं तो शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, पुढे पेटी तबलावाले बसलेले. मूकपटाचं थिएटर हे कुठल्याही मासळीबाजारापेक्षा कमी नसणार.

चहाबिस्कीट:
स्वतःच स्वतःला सोडवून आणलं =))

प्रोजेक्टरकाका:
रीळवाल्यांनी एक मुद्दा सोडला, तो तांत्रिक आहे. त्या वेळची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असायची, तिला लाल रंग दिसत नाही, लाल सगळं काळं येतं. ओठाला लाली लावली की पडद्यावर कोळसा. सावळा रंगही जास्तच काळवंडून यायचा. उलट निळं पांढरट येतं. त्यामुळे गोऱ्या कातडीच्या नटीला कॅमेरा आपोआप झुकतं माप द्यायचा, दिग्दर्शकाच्या मनात असो वा नसो (मनात असायचंच, ते सोडा). शूटिंग बरंचसं उन्हात, पांढरी कापडं आणि चंदेरी पत्रे लावून उजेड चेहऱ्यावर फेकायचा. हे पत्रे डोळ्यावर चमकत असताना पापणी न हलवता प्रेमाने बघायचं म्हणजे काय काम असेल. मी आयुष्यभर प्रोजेक्टर चालवला आहे, पडद्यामागचं फार माहीत नाही, पण उन्हात उभं राहून बघा पाच मिनिटं मग कळेल.

खिडकीजवळ:
मला आईकडून ऐकलेलं आठवतंय की सुलोचनाचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता. खरंय का हे? सगळीकडे लिहिलेलं असतं.

रीळवाला:
हे वाक्य मी पण शंभर ठिकाणी वाचलंय. पाच हजार महिना म्हणजे वर्षाला साठ हजार. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या परिशिष्टात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार दिलाय, वर्षाला १,२०,००० रुपये. म्हणजे महिना दहा हजार. बरोब्बर दुप्पट. तेव्हा नाही, गव्हर्नरसाहेब पुढेच होते. वर बंगला, नोकरचाकर वेगळे.

पण मला वाटतं ही अफवाच जास्त बोलकी आहे. लोकांना ते खरं वाटलं! एखाद्या नटीला लाटसाहेबापेक्षा जास्त मिळत असेल हे १९३० च्या दशकातल्या माणसाला शक्य वाटलं यातच सगळं आलं. आणि तिच्याकडे शेव्हरलेट होती, १९३५ चं मॉडेल, ती अफवा नाही.

खिडकीजवळ:
अरेरे आईला सांगू का नको :( ती हे सगळ्यांना सांगत असते.

जुनाबाजारकर:
नका सांगू.

रीळवाला, तुमच्या आकड्यामुळे माझा मुद्दा उलट पक्का झाला बघा. आता भाषेवर येतो. लालदेऊळ म्हणतात अडचण खरी होती, मान्य. इम्पिरियल फिल्म कंपनीच्या अर्देशिर इराणींनी 'आलम आरा' काढला, १४ मार्च १९३१, गिरगावातलं मॅजेस्टिक. रूबी तेव्हा इम्पिरियलचीच, कंपनीची सगळ्यात मोठी नटी. पण नायिका झुबेदा. रूबीला हिंदुस्थानी बोलता येत नव्हतं. बरं मग तिने काय केलं? रडत बसली का? एक वर्ष सुट्टी काढली, हिंदुस्थानी शिकली आणि १९३२ ला 'माधुरी' चा बोलपट घेऊन परत आली. तोच 'माधुरी' ज्याचा मूकपट तिनेच १९२८ ला गाजवला होता. एक वर्ष! कोणाचीही मातृभाषा नसलेली ती थिएटरी उर्दूमिश्रित हिंदी एका वर्षात. मी पंधरा वर्षं बंगळूरला होतो, अजून 'कन्नड गोत्तिल्ला' च्या पुढे गेलेलो नाही.

आणि मग तिने जे केलं ते मला फार आवडतं, आपलेच जुने हिट सिनेमे एकेक करून बोलपट म्हणून परत काढले. 'इंदिरा बी.ए.' १९२९ चा, तो १९३४ मधे आला 'इंदिरा एम.ए.' म्हणून. पाच वर्षांत बाईचं पदव्युत्तर शिक्षण पूर्ण! १९३५ ला 'अनारकली' परत. १९३६ ला 'वाइल्डकॅट' परत, 'बंबई की बिल्ली' नावाने. नायक बहुतेक वेळा डी. बिलिमोरिया, म्हणजे दिनशा, ही जोडी मूकपटांपासून चाललेली. मग बोलपटांनी संपवलं कुठे? बोलपटांनी तर तिला तेच सिनेमे दुसऱ्यांदा विकायची संधी दिली.

आगाऊ_कार्टं:
म्हणजे रीमेकचा धंदा करण जोहरच्या आधीपासून आहे तर.

लालदेऊळ:
ठीक आहे, एक वर्षात शिकली हे मान्य. पण शिकणं आणि ती भाषा आपली असणं यात फरक असतो ना. आणि तिच्या बरोबरचे पुरुषही अडकले की. 'आलम आरा' चा नायक मास्टर विठ्ठल, आपला मराठी माणूस, मूकपटातला तलवारबाजीचा राजा, त्याच्या हिंदीची बोंब होती म्हणून त्याला बराच वेळ अर्धवट बेशुद्ध ठेवलाय सिनेमात असं म्हणतात! करार मोडला म्हणून आधीच्या स्टुडिओने त्याच्यावर केस केली तर वकील कोण, तर बॅरिस्टर जिना. एवढा आटापिटा करून आणला आणि तोंड उघडायची पंचाईत. विठ्ठलला नंतर मराठीत कामं मिळत राहिली, कारण त्याला मागे यायला एक भाषा होती. रूबीला कुठे जायला होतं? इंग्रजीत सिनेमे निघत नव्हते इथे.

मीरा_ताई:
लालदेऊळ, हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. दुर्गाबाई खोट्यांचं आठवलं. त्यांनी सुरुवात १९३१ ला 'फरेबी जाल' ने केली, तो मूकपटच होता, आणि पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत पण आणि हिंदीत पण. लाडांच्या घरातली, शिकलेली, मराठी शुद्ध, हिंदी करता येणारी बाई. म्हणजे ज्या वर्षी सुलोचना हिंदी शिकून परत येते त्याच वर्षी प्रतिष्ठित घरातली बाई पडद्यावर उभी राहते, आणि मग हळूहळू सगळंच बदलतं. आता ज्यू किंवा अँग्लो इंडियन मुलींवाचून अडत नाही.

रीळवाला:
मीराताईंनी नेमकं बोट ठेवलं. आणि त्यात गाणं घाला. पार्श्वगायन आलं १९३५ ला, न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव' मधे, आणि सगळीकडे रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. तोपर्यंत जो दिसेल तोच गाणार. आणि बोलपटांत गाणी किती, विचारूच नका, एकेका सिनेमात डझनाने. सुलोचनाच्या गळ्याचं नाव कोणी काढत नाही. म्हणजे बोलणं नव्हे हो, गाणं! 'बोलपट' म्हणतो आपण पण तो खरा 'गाणपट' होता.

माझा हिशोब असा. जुने सिनेमे परत काढायची युक्ती चांगली होती पण ती युक्तीच अंगलट आली. १९२६ ला टायपिस्ट मुलगी ही बातमी होती, १९३६ ला ती शेजारणीची मुलगी होती. ती त्याच मुलीच्या भूमिका करत राहिली आणि मुली पुढे निघून गेल्या. शिवाय स्वतःची कंपनी काढली, रूबी पिक्स, फारशी चालली नाही. आणि इम्पिरियल १९३८ ला बंदच पडली. ज्या कंपनीने 'आलम आरा' काढला, 'किसान कन्या' हा रंगीत सिनेमा इथे बनवला, ती कंपनीच गेली म्हणजे पाच हजार देणारा मालकच गेला. बाई तेव्हा तिशीत. तिशीतल्या नटीचं काय करायचं हे आपल्या सिनेमाला आजही नीट कळलेलं नाही.

जुनाबाजारकर:
मालक गेला हे मी धरलंच नव्हतं. हो, ते केनेडी ब्रिजजवळचं इम्पिरियल, नंतर ज्योती स्टुडिओ झालं तेच ना? रेल्वेचे आवाज रेकॉर्डिंगमधे येतात म्हणून 'आलम आरा' रात्री शूट करायचे, गाड्या बंद झाल्यावर.

प्रोजेक्टरकाका:
तेच. ज्योती.

इम्पिरियलवरून आठवलं. बोलपटाच्या आधीचे जे ध्वनीचे प्रयोग चालले होते त्यात एकदा गांधीजी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करतायत अशी छोटी फिल्म दाखवली आणि त्याला जोडून 'माधुरी' मधला सुलोचनाचा नाच, आवाज जोडून. म्हणजे एका बाजूला गांधीजी आणि लगेच सुलोचना. ज्याने हे जोडलं त्याला माहीत होतं लोक कशाला येतात ते.

चहाबिस्कीट:
अशक्य आहे हे. गांधीजी आणि आयटम साँग एका तिकिटात.

निळावंती:
उशिरा वाचला धागा. मला 'अनारकली' ची गोष्ट सांगायची आहे कारण ती एकच पुरे आहे या बाईचं आयुष्य सांगायला.

१९२८ ला अनारकलीवर दोन सिनेमे निघाले. एक ग्रेट ईस्टर्नचा 'लव्हज ऑफ अ मुघल प्रिन्स', सीता देवी अनारकली, इम्तियाज अली ताजचं नाटक घेतलेलं, मोठा थाट. इम्पिरियलला कुणकुण लागली, त्यांनी सुलोचनाला घेऊन आर. एस. चौधरींकडून घाईघाईत आपला 'अनारकली' करून आधी रिलीज केला. घाईतला चालला, थाटातला मागे पडला. मग १९३५ ला बोलपट, परत तीच अनारकली. मग १९५३, फिल्मिस्तानचा, बीना राय अनारकली, प्रदीपकुमार सलीम, आणि आपली सुलोचना सलीमची आई! दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, ज्यांनी 'इंदिरा एम.ए.' मधे तिला नायिका म्हणून उभं केलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या पोरीसाठी सलीम जीव टाकत होता तिनेच आता त्याला समजवायचं की बाळा ही पोरगी नको.

मी तो सिनेमा आईबरोबर टीव्हीवर बघितलेला आहे आणि तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं, ये जिंदगी उसी की है ऐकायला बसलो होतो. नंतर कळल्यावर परत बघितला. जोधाबाईचे सीन आले की मी बीना रायकडे बघतच नव्हते.

जुनाबाजारकर:
निळावंती, हे वाचून काटा आला. १९५३ चं माहीत होतं, जसवंतलालांचं नव्हतं जोडलेलं.

खिडकीजवळ:
दिलीपकुमारच्या 'जुगनू' मधे पण होती ना ती? त्याच्यावर बंदी आली होती असं ऐकलंय.

रीळवाला:
होय, १९४७, दिलीपकुमार आणि नूरजहाँ. मुंबई सरकारने बंदी घातली होती काही काळ. सांगतात की वयस्क प्राध्यापक सुलोचनाच्या प्रेमात पडतो हे मोरारजीभाईंना रुचलं नाही. म्हणजे नायक-नायिका कॉलेजात हुंदडतात ते चाललं असतं पण चाळिशीतली बाई कोणाला आवडते हे नाही. मोरारजीभाई म्हणजे मोरारजीभाई.

आगाऊ_कार्टं:
चाळिशीत असून सरकार हललं म्हणजे काही तरी होतंच बाईत.

मीरा_ताई:
कार्ट्या, पहिल्यांदाच काहीतरी बरं बोललास.

चहाबिस्कीट:
हिचे मूकपट कुठे बघायला मिळतील? यूट्यूबवर शोधलं तर दीदींच्या मुलाखतीच येतायत.

प्रोजेक्टरकाका:
बाळ, मी साठ वर्षं सिनेमाच्या धंद्याच्या आसपास आहे, तिचा एकही मूकपट मला बघायला मिळालेला नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट बनले, त्यातले तीसएक उरलेत आणि तेही बरेचसे तुकडे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, ती अशी पेटते की पाण्यात बुडवली तरी विझत नाही, कारण जळताना लागणारी हवा तिच्या पोटातच असते. उष्णतेत पडून राहिली तर आधी चिकट होते, मग मधासारखी, मग भुकटी. आणि तिच्यात चांदी असते. बोलपट आल्यावर मुकी रिळं कोणाला हवी होती, डब्याच्या डबे चांदी काढायला वितळवले. पुण्यात फिल्म आर्काइव्ह निघालं १९६४ ला, तिथले पी. के. नायरसाहेब गावोगाव फिरून जुनी रिळं गोळा करायचे, पण तोवर तीस वर्षं उलटून गेली होती. आणि २००३ मधे पुण्यातच नायट्रेटच्या साठ्याला आग लागून आणखी गेलं. 'आलम आरा' सुद्धा शिल्लक नाही, मूकपटाचं काय घेऊन बसलात.

निळावंती:
आणि यात एक दुखरी गोष्ट म्हणजे तिची स्पर्धक सीता देवी आज बघता येते. 'लाइट ऑफ एशिया', 'शिराझ', 'अ थ्रो ऑफ डाइस', तिन्ही. कारण हिमांशू रॉयनी ते जर्मनांबरोबर केले, परदेशात प्रिंट गेल्या, तिथे नीट ठेवल्या गेल्या. जी बाहेर गेली ती वाचली, जी इथे सगळ्यात जास्त चालली ती चांदी होऊन गेली. जास्त चालली म्हणून प्रिंट झिजल्या पण जास्त असणार.

चहाबिस्कीट:
म्हणजे हे पोस्टकार्डच उरलं की. जरा स्कॅन करून टाका ना.

जुनाबाजारकर:
टाकतो. शेवटचं थोडं सांगून. ती काम करत राहिली, छोट्या छोट्या भूमिका, १९७८ च्या 'खट्टा मीठा' पर्यंत. इस्माईल मर्चंटने १९७४ ला 'महात्मा अँड द मॅड बॉय' मधे तिला घेतलं. आणि १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला, पाचवी मानकरी, देविका राणीनंतरची दुसरी बाई. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी एक बाई मिळाली नाही त्यांच्या नावाचा. १९८३ च्या ऑक्टोबरात मुंबईत गेली. त्याच १९८३ चा फाळके दुर्गा खोट्यांना, मीराताईंनी वर काढलेल्याच दुर्गाबाई.

मी सुरुवातीला लिहिलं होतं की भाषेने संपवलं हे पटत नाही. अजूनही नाही पटत, पण लालदेऊळ आणि मीराताईंचं थोडं पटलंय. भाषा तिने शिकली, पण ज्या कारणाने तिची गरज होती ते कारणच गेलं. त्यात गाणं, त्यात कंपनी बुडाली. कोणी तिला 'बिचारी' म्हणू नका एवढंच. तिशीला पाच हजार महिना आणि शेव्हरलेट असलेली बिचारी मी तरी पाहिली नाही.

लालदेऊळ:
'थोडं' पटलंय हे पुणेरी कबुलीजबाब म्हणून स्वीकारतो. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

जुनाबाजारकर:
धागा वर काढतोय, अपडेट आहे. आज परत जुन्या बाजारात गेलो, म्हटलं गठ्ठ्यात अजून एखादं मिस सुलोचना असेल तर उचलू. होतं! वेगळा फोटो, साडीतला, डोक्यावरून पदर. मी आपला सहज विचारल्यासारखं करून, काय हो ह्या दीदींचं कितीला. तर तो माझ्याकडे बघून म्हणाला साहेब ही दीदी नाय, ही मूकपटवाली, अनारकली, आठ रोल केलेली. पाचशे.

कोण गेलं होतं रे तिथे माझ्या आधी??

आगाऊ_कार्टं:
:)